धुळीचं खातं

सराफ्यात रात्री दोनला शेवटची कढई उतरते.
गराडूवाला तेल गाळून डब्यात भरतो,
आणि ओट्यांवर पाणी पडायच्या आत
कमळजा झारे येते, म्हणजे यायची,
हातात राठ केसांचा कुंचा, काखेत घमेलं.

दिवसा याच ओट्यांमागे सोनं विकतात.
कानस चालते, कण उडतो,
कारागिराच्या भुवईवर बसतो, चपलेला चिकटतो,
उंबरा ओलांडून गटारापाशी येतो.
तिथून पुढे तो कमळजाचा.
असं कुठे लिहिलेलं नव्हतं,
पण मोडतही नव्हतं कुणी.

एकतीस वर्षं मी सोगानी शेठच्या पेढीवर हिशेब लिहितो.
'घट' नावाचं एक खातं असायचं:
वितळवताना इतकी, घासताना इतकी,
बाकीची देव जाणे.
त्या 'देव जाणे'वर
कमळजाच्या दोन मुली शिकल्या, एकीचं लग्न झालं.

रात्री पेढी बंद झाली की मी
तिसऱ्या फरशीवर उभा राहून
विजारीची दुमड उलटी करायचो, झटकायचो.
दूधवाला एकदा म्हणाला, भिया,
ती बाई तुमच्या त्या एका फरशीवर
देवघर पुसल्यासारखी पुसत बसते.
मी म्हटलं, असेल.

मग भाव चढला.
तोळ्याला तीस हजार, पन्नास, मग लाखाच्या वर.
शेठच्या नातवाने बायपासला शोरूम काढलं,
चार मजली, आत पाण्याची भिंत.
माझा पगार अठराचा एकोणीस झाला.
एका पहाटे मुद्दाम गाठून कमळजाला म्हटलं,
तुझी तर चांदीच की, धूळ तेवढीच, पैसे तिप्पट.
तिने कुंचा घमेल्यावर आपटला.
"भाऊसाहेब, स्वस्त होतं तोवर सांडत होतं."

वर्षभरात प्रत्येक पाटाला शोषनळी लागली.
हात धुतात त्या मोरीखाली टाकी, टाकीला कुलूप.
दिवाळीला गालिचे जाळतात
आणि राख मोजून भट्टीला पाठवतात.
आम्हाला गणवेश मिळाले, करडे, झकास शिवलेले.
खिसा नाही. दुमड नाही.
संध्याकाळी ते तिथेच उतरवायचे, तळघरात धुतले जातात,
त्या पाण्याचंही एक पिंप आहे.
'घट' खातं बंद करताना
नातवाने बर्फी वाटली, वर सोन्याचा वर्ख.
मी दोन खाल्ल्या.
शोरूमबाहेर बिनहिशेबी गेलेलं शेवटचं सोनं
बहुधा तेच.

कमळजा आणखी चार महिने गल्ली झाडत राहिली.
जिरावण निघायचं, शेव, कुणाचीतरी टिकली.
आठ दिवसांच्या धुळीतून
एक गुंज निघेना.
पाऱ्याचेच पैसे अंगावर पडले.

आता ती तळघरात असते. ठेकेदाराकडून,
रोज तीनशे ऐंशी.
गाळण्या उघडायच्या, खरवडायच्या, धुवायच्या.
नातू पाहुण्यांना घेऊन येतो, सांगतो,
मशीनला कळत नाही ते हिच्या बोटांना कळतं,
यांच्या सात पिढ्या हेच करत आल्यात.
खोटं नाही ते.
पाहुणे फोटो काढतात.

साडेसहाला फाटकापाशी सुटणाऱ्या बायांची रांग लागते.
एक बाई पहारेकरी पांढरा कागद पसरते
आणि कमळजाचे केस सोडून
फणीने विंचरते, हळू, मुळापासून,
आईने उवा काढाव्यात तसं.
आकडा दातांत धरून कमळजा उभी असते.
मी काचेपलीकडे असतो.
ती दुसरीकडे बघते, किंवा मी बघतो.

कागदाची घडी करून आत आणतात.
फणीसुद्धा आणतात, तिच्या दातांत काही राहू नये म्हणून.
मी तारीख घालतो, लिहितो:
फणी, नग एक, जमा.